लडाखची एकच जागा: पक्ष बाजूला ठेवा, उमेदवार मोजा

प्रश्न असा होता: लडाखनं २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपचा खासदार निवडून दिला, केंद्रशासित दर्जाची जुनी मागणीही पूर्ण झाली, मग २०२४ मध्ये भाजप तिसऱ्या क्रमांकावर कसा गेला? आणि या मतदारसंघाचा राजकीय इतिहास वाचायचा तरी कसा?

निवडणुकांचे निकाल वाचणं आणि शिकवणं हेच माझं काम असल्यामुळे आधी थेट उत्तर देतो. लडाखमध्ये पक्षाचं नाव शेवटी वाचायचं. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की बौद्धबहुल लेहच्या बाजूचे किती उमेदवार उरले आणि मुस्लिमबहुल कारगिलच्या बाजूचे किती, हे आधी मोजायचं. ज्या बाजूला मतं एका माणसामागे उभी राहिली, ती बाजू जिंकते. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारायचा: त्या वर्षी लोकांचा राग कोणत्या राजधानीवर होता, श्रीनगरवर की दिल्लीवर? या दोन प्रश्नांत बहुतेक निकाल उलगडतात. टीव्हीवर मात्र राष्ट्रीय लाटेचा हिशेब मांडला जातो, आणि तो इथे दर वेळी फसतो.

आधी मतदारसंघाचा आकार. क्षेत्रफळानं हा देशातला सर्वांत मोठा लोकसभा मतदारसंघ. प्रत्यक्ष भारताच्या ताब्यातला भाग धरला तरी लडाख ५९,१४६ चौरस किलोमीटरचं आहे, आणि २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती २,७४,२८९. दर चौरस किलोमीटरला पाच माणसंही भरत नाहीत. २०२४ मध्ये मतदार होते सुमारे १ लाख ८४ हजार. देशातल्या सरासरी मतदारसंघात त्याच्या नऊ-दहा पट असतात. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, हा निवडणूक आयोगाचा दंडक इथेही पाळायचा असतो. त्यामुळे नुब्रा भागातल्या वारशी गावात एकाच कुटुंबातल्या पाच मतदारांसाठी केंद्र उभारलं जातं, आणि हानलेकडच्या अनले फू इथलं केंद्र सुमारे १५ हजार फुटांवर असतं. झंस्कारमध्ये मतदान पथकं हेलिकॉप्टरनं पोचवण्याची वेळ येते. खासदार निधी मात्र सगळ्या खासदारांना सारखाच, वर्षाला ५ कोटी. मुंबईतला एखादा खासदार अर्ध्या दिवसात जेवढा मतदारसंघ फिरून येतो, तेवढ्यात लडाखचा खासदार लेहहून निघून जेमतेम कारगिलला पोचतो. ते अंतरच सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

या विरळपणाचा राजकारणावर एक थेट परिणाम होतो, तो बाहेरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. जाहीर सभांनी इथे फारसं काही होत नाही. गर्दी जमवायची म्हटलं तरी माणसंच नाहीत, आणि मे महिन्यात शेताची कामं नुकती सुरू झालेली असतात. मत ठरतं ते आधीपासून गावागावांत पोचलेल्या जाळ्यांतून. लेहच्या बाजूला गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, गावाचा गोबा म्हणजे मुखिया, आणि लडाख बुद्धिस्ट असोसिएशन. कारगिलच्या बाजूला शिया धर्मगुरूंच्या दोन संस्था: इस्लामिया स्कूल नावानं ओळखली जाणारी जुनी जमियत, आणि १९८० च्या दशकाअखेर पुढे आलेला इमाम खोमेनी मेमोरियल ट्रस्ट. या दोघांची चढाओढ जुनी आहे. ढोबळमानानं इस्लामिया स्कूल नॅशनल कॉन्फरन्सकडे आणि ट्रस्ट काँग्रेसकडे झुकलेला, असं कारगिलमध्ये वर्षानुवर्षं चालत आलं. म्हणजे कारगिलमधली ‘काँग्रेस विरुद्ध नॅशनल कॉन्फरन्स’ ही लढत पुष्कळदा या दोन संस्थांमधलीच असते, वर पक्षांच्या पाट्या लावलेल्या.

आता इतिहास. १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाबसिंगांचा सेनानी जोरावरसिंग यानं स्वारी केली आणि लडाखचं स्वतंत्र राज्य संपत गेलं. डोग्रा राजवटीत लडाख वजारत, म्हणजे वजीर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा जिल्हा, म्हणजे लेह, कारगिल आणि स्कर्दू असे तीन तहसील. वजीर सहा महिने लेहला आणि सहा महिने स्कर्दूला बसायचा. मुख्यालय कुठे, हा वाद लडाखमध्ये किती मुरलेला आहे हे यावरून कळेल. तो पुढे २०१९ मध्ये पुन्हा येणार आहे. १९४७-४८ च्या युद्धात स्कर्दू पाकिस्तानच्या ताब्यात गेलं आणि लेह-कारगिल भारतात राहिलं. बाल्टी, म्हणजे मूळ स्कर्दू भागातल्या समाजाची, कुटुंबं दोन देशांत विभागली गेली. या हिशेबात छोटासा बदल झाला तो १९७१ मध्ये. त्या युद्धात तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही नुब्रा खोऱ्यातली बाल्टी गावं भारताकडे आली आणि तिथले लोक पुढे याच मतदारसंघाचे मतदार झाले.

१९४९ हे वर्ष महत्त्वाचं. मे महिन्यात लडाखच्या बौद्ध संघटनेचे अध्यक्ष छेवांग रिगझिन यांनी पंतप्रधान नेहरूंना निवेदन दिलं. युक्तिवाद सरळ होता: आमचं नातं होतं ते डोग्रा महाराजांशी, तेही जिंकले गेलो म्हणून. महाराजांची सत्ता संपली, तर आम्ही काश्मीरच्या सरकारखाली का राहायचं? आम्हाला काश्मीरपासून वेगळं करून जम्मूशी किंवा पूर्व पंजाबशी जोडा. केंद्रशासित प्रदेशाची मागणी २०१४ मध्ये कुणा पक्षानं शोधून काढली असं जे समजतात, त्यांनी हे निवेदन लक्षात ठेवावं. काश्मीरपासून वेगळं होण्याची मागणी संविधान लागू होण्याआधीची आहे.

मग येतात १९ वे कुशोक बकुला रिनपोछे. स्पितुक मठाचे प्रमुख लामा, माथोच्या राजघराण्यात जन्मलेले, तिबेटमध्ये शिकलेले. हा माणूस राजकारणात का आला, याचं उत्तर जमिनीत सापडतं. शेख अब्दुल्लांच्या सरकारनं १९५० मध्ये मोठ्या जमीनदारीचं उच्चाटन करणारा कायदा आणला. १८२ कनालच्या (कनाल हे तिथलं जमिनीचं माप) वरची जमीन काढून कसणाऱ्याला द्यायची, अशी ती सुधारणा. काश्मीर खोऱ्यातल्या शेतकऱ्याचं तिनं आयुष्य बदललं. लडाखमध्ये मात्र मोठ्या जमिनी होत्या गोम्पांच्या, आणि मठांचा सगळा संसार त्यांच्यावर चालायचा. विरोध झाला, आणि अखेर गोम्पांच्या जमिनींना सूट मिळाली. खोऱ्यात क्रांतिकारी ठरलेला तोच कायदा लेहमध्ये परक्या सरकारची ढवळाढवळ ठरला. श्रीनगर आणि लेह यांच्यातलं अंतर इतकं नेमकं दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बकुला १९५१ मध्ये राज्याच्या संविधान सभेवर लेहमधून बिनविरोध गेले. मे १९५२ मध्ये अर्थसंकल्पाच्या चर्चेत त्यांनी लडाखी भाषेतून भाषण केलं आणि लडाखच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब मागितला. सत्ताधारी बाकांना ते अर्थातच रुचलं नाही. पण १९५३ मध्ये शेख अब्दुल्ला पदच्युत झाले, बक्षी गुलाम मोहम्मद आले, आणि बकुला मंत्रिमंडळात जाऊन लडाखचं खातं सांभाळू लागले. टीका करणाऱ्याला सत्तेत घेऊन जागा देण्याची ही रीत श्रीनगरनं पुढेही बऱ्याचदा वापरली.

लोकसभेचं म्हणाल तर १९६७ पर्यंत लडाखच्या मतदारानं खासदार निवडलाच नव्हता. तोवर जम्मू-काश्मीरचे सहाही खासदार राज्य विधिमंडळाच्या शिफारशीवरून राष्ट्रपती नेमायचे. पहिली थेट निवडणूक १९६७ ची. ती आणि १९७१ ची, दोन्ही बकुला काँग्रेसकडून जिंकले. पुढे ते दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूत होते, १९८८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि लेहच्या विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस जवळजवळ पुसली गेली, पण लडाखनं काँग्रेसच्याच तिकिटावर स्तोकच्या राणी पार्वती देवींना पाठवलं. लडाखची आजवरची ती एकमेव महिला खासदार. १९८० आणि १९८४ मध्ये काँग्रेसचेच फुंत्सोग नामग्याल.

इथे जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या सवयीनं आपण या यादीला ‘काँग्रेसचा बालेकिल्ला’ म्हणून मोकळे होतो. लेहमधली काँग्रेस ही वेगळी चीज होती. नॅशनल कॉन्फरन्स म्हणजे श्रीनगरचा पक्ष. तिच्या विरोधात दिल्लीशी थेट दुवा हवा, तो काँग्रेसच्या रूपानं मिळत होता. १९७७ चा निकाल याच नजरेनं पाहा: आणीबाणीचा राग लेहला शिवला नाही, कारण लेहचं भांडण दिल्लीशी नव्हतंच. दिल्लीत दुसरा पक्ष कायमचा बसला की हा दुवाही बदलणार, हे त्यात आधीच दडलेलं होतं. २०१४ मध्ये तेच झालं. विचारसरणी बदलली म्हणून लेह भाजपकडे गेलं नाही. दिल्लीचा दरवाजा बदलला म्हणून गेलं.

१९७९ मध्ये लडाख जिल्ह्याचे लेह आणि कारगिल असे दोन जिल्हे झाले. प्रशासनाला ते सोयीचं होतं, पण राजकारणात त्यामुळे दोन स्वतंत्र केंद्रं उभी राहिली. २०११ च्या आकड्यांत लेह जिल्ह्यात बौद्ध सुमारे ६६ टक्के, कारगिल जिल्ह्यात मुस्लिम सुमारे ७७ टक्के. एकत्रित लडाखमध्ये मुस्लिम ४६ आणि बौद्ध ४० टक्के. उरलेल्यांतले बरेचसे म्हणजे बाहेरून आलेले जवान आणि मजूर, जे जनगणनेत मोजले जातात पण मतदार यादीत बहुतांशी नसतात. तेव्हा जनगणनेचे टक्के उचलून मतांचं गणित मांडू नका. शिवाय जिल्ह्याची सीमा म्हणजे धर्माची सीमा नव्हे: झंस्कार कारगिल जिल्ह्यात होतं पण जवळजवळ सगळं बौद्ध, आणि लेह जिल्ह्यात चुशोत, तुर्तुकसारखी मुस्लिम गावं.

१९८९ हे दुखरं वर्ष आहे. लडाख बुद्धिस्ट असोसिएशननं थुपस्तान छेवांग यांच्या नेतृत्वाखाली केंद्रशासित दर्जासाठी आंदोलन उभं केलं. ऑगस्टमध्ये लेहमध्ये गोळीबार होऊन माणसं मेली. आंदोलनातून मुस्लिमांवर सामाजिक बहिष्कार आला आणि तो १९९२ पर्यंत टिकला. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरात सोयरिक असलेल्या गावांमध्ये येणंजाणं बंद झालं. त्याच वर्षाच्या अखेरीला लोकसभेची निवडणूक आली आणि मोहम्मद हसन कमांडर अपक्ष म्हणून जिंकले. लडाखची जागा पहिल्यांदा कारगिलच्या बाजूला गेली ती अशी. त्याच वर्षी आठ जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यांत बोत, बाल्टी, पुरिगपा, ब्रोकपा, चांगपा आल्या. गंमत म्हणजे बहुसंख्य लोकसंख्या आदिवासी असूनही लोकसभेची ही जागा राखीव नाही.

नव्वदचं दशक भराभर सांगतो. १९९१ मध्ये राज्यात लोकसभेचं मतदान झालंच नाही. १९९५ मध्ये लेहला स्वायत्त हिल कौन्सिल म्हणजे जिल्ह्याचा स्थानिक कारभार पाहणारं मंडळ मिळालं, ३० जणांचं, २६ निवडून आलेले आणि ४ नेमलेले. कारगिलला ते २००३ मध्ये. १९९६ ला पुन्हा फुंत्सोग नामग्याल, १९९८ ला नॅशनल कॉन्फरन्सचे सय्यद हुसेन आणि कारगिल युद्धानंतर काही आठवड्यांतच झालेल्या १९९९ च्या निवडणुकीत त्याच पक्षाचे हसन खान.

२००२ मध्ये लेहनं एक जुगाड केलं, ते अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या पक्षांनी आपापल्या शाखा गुंडाळून लडाख युनियन टेरिटरी फ्रंट नावाची एकच आघाडी काढली. त्या वर्षीच्या विधानसभेत लेह आणि नुब्रा या दोन्ही जागा बिनविरोध गेल्या. २००४ मध्ये थुपस्तान छेवांग याच आघाडीचे म्हणून लोकसभेत पोचले. लेहची बाजू एकत्र आली की काय होतं, याचा हा सर्वांत शुद्ध नमुना. पण एकजूट टिकली नाही. काँग्रेसवाले परत काँग्रेसमध्ये गेले आणि उरलेली आघाडी २०१० मध्ये भाजपमध्ये विलीन झाली. भाजपला लेहमध्ये केडर मिळालं ते इथून, तयार.

दुसरी एक गोष्ट वारंवार घडते. श्रीनगर आणि दिल्लीचे नेते बसून युती करतात, तीत लडाख काँग्रेसच्या वाट्याला येतं, काँग्रेस लेहचा माणूस उभा करते, आणि कारगिल बंड करतं. २००९ मध्ये नॅशनल कॉन्फरन्सशी युतीत जागा काँग्रेसकडे होती, उमेदवार फुंत्सोग नामग्याल. हसन खान अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. २०१९ मध्ये काँग्रेसचे रिगझिन स्पालबार लेहचे, तर कारगिलमधले काँग्रेसचेच असगर करबलाई बंड करून अपक्ष. २०२४ मध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झालं. कारगिलच्या लोकांना वाटतं, आम्ही संख्येनं कमी नाही, तरी तिकीट दर वेळी लेहला का? तक्रार रास्त आहे.

आता शेवटच्या तीन निवडणुकांचे आकडे, कारण उत्तराचा गाभा यात आहे. तिन्ही वेळा उमेदवार तीन किंवा चारच होते, त्यामुळे हिशेब स्वच्छ निघतो.

२०१४: भाजपचे थुपस्तान छेवांग ३१,१११, कारगिलचे अपक्ष गुलाम रझा ३१,०७५, कारगिलचेच दुसरे अपक्ष सय्यद मोहम्मद काझिम २८,२३४, काँग्रेसचे लेहवाले त्सेरिंग साम्फेल २६,४०२. फरक ३६ मतांचा, त्या निवडणुकीतला देशातला सर्वांत कमी. मोदी लाट वगैरे म्हणणाऱ्यांनी बेरीज करावी: कारगिलच्या दोघांची मिळून ५९,३०९, लेहच्या दोघांची ५७,५१३. बेरजेत कारगिल पुढे होतं. पण कारगिलची मतं ५२-४८ अशी जवळपास निम्मी-निम्मी फुटली, लेहची ५४-४६. या दोन टक्क्यांच्या फरकातून भाजपला हिमालयापलीकडची पहिली जागा मिळाली.

२०१९: भाजपचे जामयांग त्सेरिंग नामग्याल ४२,९१४, नॅशनल कॉन्फरन्स आणि पीडीपीचा पाठिंबा असलेले कारगिलचे पत्रकार सज्जाद हुसेन ३१,९८४, करबलाई २९,३६५, स्पालबार २१,२४१. कारगिल पुन्हा ५२-४८. लेह मात्र ६७-३३. ही खरी भाजपची निवडणूक: लेहमधल्या तीनपैकी दोन मतदारांनी एकच नाव निवडलं. तेही अशा वेळी, जेव्हा मावळते खासदार छेवांग केंद्रशासित दर्जाचं आश्वासन पाळलं न गेल्याच्या नाराजीत २०१८ च्या अखेरीला खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडून गेले होते. जामयांग आधी त्यांचेच खासगी सचिव होते.

२०२४: अपक्ष मोहम्मद हनीफा ६५,२५९, काँग्रेसचे त्सेरिंग नामग्याल ३७,३९७, भाजपचे ताशी ग्यालसन ३१,९५६. लेहच्या दोघांची बेरीज करा: ६९,३५३. म्हणजे या वेळी बेरजेत लेह पुढे होतं, आणि हरलं. या तीन निवडणुकांत कारगिलनं पहिल्यांदाच एकच उमेदवार ठेवला. इस्लामिया स्कूल आणि ट्रस्ट एका नावावर आले, सज्जाद यांनी माघार घेतली, आणि पक्षश्रेष्ठींनी काँग्रेसला पाठिंबा द्या म्हणून सांगितल्यावर नॅशनल कॉन्फरन्सच्या कारगिल शाखेनं सामूहिक राजीनामे दिले. लेहची मतं ५४-४६ फुटली. २०१४ चा आरसा, फक्त बाजू उलट. प्रत्येक कारगिली मत कारगिलच्याच उमेदवाराला गेलं असं मी म्हणत नाही. झंस्कार आणि चुशोत आहेतच. पण ढोबळ चित्र बदलत नाही.

म्हणजे ‘भाजप तिसरा का’ याचं अर्धं उत्तर अंकगणितात आहे. उरलेलं अर्धं म्हणजे लेहमध्येच भाजप ६७ टक्क्यांवरून ४६ वर का आला. ते ५ ऑगस्ट २०१९ नंतर घडलं.

त्या आधी फेब्रुवारीत राज्यपाल प्रशासनानं लडाखला स्वतंत्र विभागाचा दर्जा दिला आणि मुख्यालय लेहला ठेवलं. कारगिल थंडीत रस्त्यावर उतरलं, आणि मुख्यालय दोन्हीकडे वाटून देण्यात आलं. लेह-स्कर्दूच्या वजिराची आठवण व्हावी असाच तोडगा. ऑगस्टमध्ये राज्याचे दोन तुकडे झाले. लेहनं जल्लोष केला, कारगिलनं निषेध. जामयांग यांचं लोकसभेतलं भाषण देशभर फिरलं.

पण लडाखला जो केंद्रशासित दर्जा मिळाला तो विधानसभेशिवायचा होता. आधी राज्य विधानसभेत लडाखचे चार आमदार असायचे: नुब्रा, लेह, कारगिल आणि झंस्कार. विधान परिषदेतही प्रतिनिधी असायचे. श्रीनगरशी भांडायला का होईना, माणसं होती. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून कायदे करणाऱ्या कोणत्याही सभागृहात लडाखनं निवडून दिलेला माणूस उरला तो एकच, लोकसभेतला खासदार. २०२०-२१ साठी ५,९५८ कोटींची तरतूद झाली, आणि तो पैसा मुख्यतः नायब राज्यपाल आणि अधिकाऱ्यांच्या हातून जाऊ लागला. हिल कौन्सिलं जागेवर होती, पण त्यांचा वचक कमी झाला. शिवाय ३७० आणि ३५-अ गेल्यानं जमीन आणि नोकऱ्यांवरचं संरक्षणही गेलं. इतकी वर्षं जे संरक्षण श्रीनगरच्या नावानं होतं आणि म्हणून लेहला नकोसं वाटत होतं, तेच आता लेहला हवं झालं. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानं सप्टेंबर २०१९ मध्येच सहाव्या अनुसूचीची, म्हणजे आदिवासी भागांना स्वायत्त परिषदा देणाऱ्या घटनेतल्या तरतुदीची, शिफारस केली होती. सरकारनं ती अमलात आणली नाही.

२०२० मध्ये लेहमधल्या संघटनांनी हिल कौन्सिलच्या निवडणुकीवर बहिष्काराची भाषा केली. केंद्रानं बोलणी करून तो मागे घ्यायला लावला. त्यातून लेह एपेक्स बॉडी उभी राहिली, आणि तिच्या अग्रभागी पुन्हा थुपस्तान छेवांग. कारगिलमध्ये कारगिल डेमोक्रॅटिक अलायन्स. ऑगस्ट २०२१ मध्ये या दोघांनी हात मिळवले. १९८९ चा बहिष्कार आठवणाऱ्या कुणालाही हे चमत्कारिक वाटेल: त्या आंदोलनाचा नेता कारगिलच्या धर्मगुरूंच्या संस्थांसोबत एकाच मागणीपत्रावर सही करतो. मागण्या चार: पूर्ण राज्य, सहावी अनुसूची, स्वतंत्र लोकसेवा आयोग, आणि लोकसभेच्या दोन जागा. रागाचा पत्ता श्रीनगरवरून दिल्लीला गेला, आणि दिल्लीचा दरवाजा म्हणून निवडलेल्या पक्षाला त्याची किंमत मोजावी लागली. भाजपनं जामयांग यांचं तिकीट कापून हिल कौन्सिलचे प्रमुख ग्यालसन यांना दिलं. त्यानं काही सुधारलं नाही. माझ्या मते उमेदवार कुणीही असता तरी फार फरक पडला नसता.

निवडणुकीनंतरही हे शमलं नाही. जून २०२५ मध्ये केंद्रानं नियम काढून स्थानिकांसाठी नोकऱ्यांत ८५ टक्के आरक्षण, अधिवासाची अट आणि कौन्सिलांत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलन पेटलं, भाजपचं कार्यालय जाळलं गेलं आणि पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा जीव गेला. ज्या लेहनं सहा वर्षांपूर्वी पेढे वाटले होते, त्याच लेहमध्ये.

राहता राहिली दोन जागांची मागणी. बरेच जण म्हणतात, एवढ्या कमी लोकसंख्येला दोन खासदार कसे देणार? कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर हे वाटतं तितकं अशक्य नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात जागांचं बंधन घटनेच्या कलम ८१ मध्ये राज्यांसाठी आहे. केंद्रशासित प्रदेशांसाठी तिथे फक्त एक मर्यादा आहे: सर्वांचे मिळून २० पेक्षा जास्त खासदार नकोत, वाटणी संसदेनं कायद्यानं करायची. आज दिल्लीचे ७, जम्मू-काश्मीरचे ५, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे मिळून २ आणि बाकीचे पाच प्रदेश एकेक असे १९ भरतात. जागा एक शिल्लक आहे. पूर्वोदाहरणही आहे: दमण-दीवची लोकसंख्या २०११ मध्ये २ लाख ४३ हजार होती, म्हणजे लडाखपेक्षा कमी, तरी त्याला स्वतःचा खासदार आहे. २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीशी एकत्र केल्यावरही दोन्ही जागा राखल्या गेल्या. तेव्हा हा प्रश्न राजकीय इच्छेचा आहे.

पण दोन जागा झाल्या तर वर सांगितलेलं गणितच मोडेल, आणि लडाखमधल्या नेत्यांना हे नीट कळतं. लेह विरुद्ध कारगिल ही लढत संपेल. कारगिलच्या जागेवर इस्लामिया स्कूल आणि ट्रस्ट समोरासमोर येतील, लेहच्या जागेवर भाजप आणि काँग्रेस. आज चार मागण्यांसाठी एका टेबलाला बसलेल्या या मंडळींना जोडून ठेवणारी एक गोष्ट म्हणजे जागा एकच असल्याची समान तक्रार. झंस्कारच्या बौद्ध मतदारांचं काय, हा प्रश्न तर अजून कुणी मोठ्यानं विचारलेलाच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये झंस्कार, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग असे पाच नवे जिल्हे जाहीर झाले, त्यामुळे पुढेमागे सीमा आखायची वेळ आली तर झंस्कार कोणत्या जागेत घालायचं यावर पहिली ठिणगी पडेल.